सज्ञान झाल्यावरच्या सह्या

एका चोवीस वर्षांच्या मुलीने विचारलं आहे: "काकू, लातूरजवळच्या गावातून पुण्याला आले. नोकरी लागून आठ महिने झाले. धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतोय. बाबांची शेती, पगाराची पावती नाही, म्हणून नऊ लाखांच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून माझी सही हवी आहे. घरचे म्हणतात, यात विचार कसला करतेस! तुम्ही बँकेत जन्म काढलात. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत तुम्ही स्वतः काय शिकलात ते सांगाल का? त्यावरून मी ठरवीन."

सही करावी की नाही, ते शेवटी सांगतेच. पण ती दहा वर्षं आठवायला बसले आणि मला एकामागून एक सह्याच आठवत गेल्या. तेव्हा त्याच सांगते.

मी १९८७ साली, बावीसाव्या वर्षी, सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत लिपिक म्हणून लागले आणि २०२५ मध्ये निवृत्त झाले. निम्म्याहून जास्त वर्षं कर्ज खात्यात गेली. तिथे एकदा एक शेतकरी पीककर्जासाठी आला. वय त्रेचाळीस, मोठी मुलगी कॉलेजात. त्याचा सातबारा पाहिला तर नावापुढे लिहिलेलं, "अ.पा.क. आई". अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तो सहा वर्षांचा असताना वडील गेले, वारस म्हणून त्याचं नाव लागलं आणि पालनकर्ती म्हणून आईचं. पुढे तो अठरा वर्षांचा झाला, लग्न झालं, मुलं झाली, आई वारली. पण तलाठ्याकडे जाऊन तो शेरा कोणी कमी करून घेतला नाही. शाळा सोडल्याचा दाखला, अर्ज, फेरफार, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, यात महिना गेला आणि पेरणी उसनवारीवर झाली. "मॅडम, मी पंचवीस वर्षं नांगर धरतोय आणि कागदावर अजून अज्ञानच?" हे त्याने ज्या स्वरात विचारलं तो स्वर अजून माझ्या कानात आहे.

कायदा अठराव्या वर्षी सज्ञान म्हणतो. पण पहिला पगार होईपर्यंत आपली सही फारशी कुणाला लागत नाही. पगार सुरू झाला की वर्षभरात ती सगळ्यांना लागते. तू आठव्या महिन्यात तिथे पोचलीस. मी चौथ्या वर्षी पोचले.

१९९१ साल. माझ्या मामेभावाला जुना टेम्पो घ्यायचा होता. गावातल्या पतसंस्थेने साठ हजार मंजूर केले आणि दोन पगारदार जामीनदार मागितले. मामा स्वतः आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि जाताना उंबऱ्यात उभं राहून शब्द टाकला. याच मामांच्या घरी राहून मी बी.कॉम.ची शेवटची दोन वर्षं केली होती. मामींनी दोन वर्षं पहाटे उठून माझा डबा केला होता. त्या माणसाला नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडाने? मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाच ठिकाणी सह्या केल्या. त्यातल्या एका कागदावर काही लिहिलेलंच नव्हतं. मी बँकेत काम करत होते, रोज लोकांना "वाचून सही करा" म्हणत होते, आणि तरीही विचारलं नाही. भीड भिकेची बहीण, असं आमची आजी म्हणायची. त्या दिवशी ती भीड माझ्या शेजारी येऊन बसली होती.

टेम्पो नीट चालला तो आठ महिने. मग इंजिन गेलं, दुरुस्तीला पैसे नव्हते, हप्ते थांबले. नोटीस आली ती माझ्या शाखेत, पोचपावतीच्या टपालाने, सगळ्यांदेखत. तोवर माझी समजूत अशी, की आधी टेम्पो विकतील, मग भावाला धरतील, काही उरलंच तर आमच्याकडे येतील. तसं काही नसतं. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज देणाऱ्याने आधी कर्जदाराकडे जावं असं बंधन नाही. ज्याच्याकडून लवकर मिळतील त्याच्याकडे तो जातो. पगारदाराकडून लवकर मिळतात. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या १०१ कलमाखाली वसुली दाखला मिळवला आणि माझ्या पगारातून महिन्याला नऊशे रुपये कपात सुरू झाली. हातात अठ्ठावीसशेच्या आसपास येत होते. चार वर्षं ती कपात चालली, त्यातच माझं लग्न झालं. नवऱ्याला लग्नाआधी सांगितलं होतं, हे बरं केलं.

भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क कायदा जामीनदाराला देतो. पण मामांच्या मुलावर दावा कोण लावणार? आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते निराळंच. भाऊ मला टाळू लागला. बाजारात दिसला तर गल्ली बदलायचा. मामींनी माझ्या मंगळागौरीला यायचं टाळलं. त्या माझ्यावर रागावलेल्या नव्हत्या, त्यांना माझ्यासमोर यायची लाज वाटत होती. ज्या नात्यासाठी मी सही केली तेच नातं सहीमुळे गेलं. कपात १९९६ मध्ये संपली. मामींशी नीट बोलणं व्हायला त्यानंतर आणखी सहा-सात वर्षं लागली.

पुढे कर्ज खात्यात बसले तेव्हा जामीनदाराला मी बाजूला घेऊन एकच विचारायची: "उद्या हा माणूस गाव सोडून गेला असं धर. हप्ता तुझ्या पगारातून जाईल का? जाईल तर कर सही." काहीजण विचार करून उठून जायचे. वरिष्ठांना ते आवडायचं नाही, कारण कर्जवाटपाचा आकडा खाली यायचा. मला आजही ते बरोबरच वाटतं. तू विचारलंस म्हणून सांगते: जिथे मन मोडवत नाही तिथे जामीन राहण्यापेक्षा आपल्याला विसरता येईल एवढी रक्कम सरळ हातात द्यावी. "काका, सही नाही करणार, पण हे वीस हजार घ्या, परत नाही दिलेत तरी चालेल." हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडतो. दुसऱ्यांदा कमी पडतो. आता तर दुसऱ्याच्या कर्जाची थकबाकी जामीनदाराच्याही सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसते, आणि पाच वर्षांनी स्वतःच्या घराच्या कर्जाला गेल्यावर माणसाला ती कळते. असे चेहरे मी टेबलापलीकडे पुष्कळ पाहिले.

दुसरी सही १९९३ ची. वडिलांना रात्री मिरजेला हलवलं. आतडं फुटलं होतं, लगेच शस्त्रक्रिया करायची होती. भाऊ सैन्यात, आसामात. आई बाकावर बसलेली, तिला काही सुचत नव्हतं. नर्सने कागद पुढे केला आणि विचारलं, "सही कोण करणार?" सगळे माझ्याकडे पाहत होते. त्यात माझे दोन काकाही होते, माझ्याहून वीस-वीस वर्षांनी मोठे. मी अठ्ठावीस वर्षांची. मी म्हटलं, मला आधी समजावून सांगा. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण त्यांनी थांबून सगळं सांगितलं: काय करणार, काय होऊ शकतं, नाही केलं तर काय होईल. मग सही केली. मामेभावाच्या कर्जाने मला निदान हे शिकवलं होतं.

वडील त्यातून उठले, पण आठ महिनेच राहिले. या सहीची तयारी आधी करता येत नाही. करता येते ती एवढीच, की आईबाबा धडधाकट असताना त्यांच्याजवळ बसून विचारायचं. कोणती औषधं चालू आहेत, कोणतं औषध सोसत नाही, विम्याचे कागद कुठे आहेत, आणि तुम्हाला बोलता आलं नाही तर कुणाचं ऐकायचं. मी वडिलांना हे कधी विचारलं नव्हतं. त्यांना पेनिसिलिन चालत नाही, हे मला त्या रात्री एका काकांकडून कळलं. दिवाळीत गावी जाशील तेव्हा विचार. बाबांचा आरोग्य विमा नसेल तर आता घे, दुखणं निघाल्यावर नको. आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो; २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षं केला आहे, पण तीन वर्षंही मोठीच.

वडील गेले आणि वर्षाच्या आत तिसरी सही आली: हक्कसोडपत्र.

याबद्दल मला जरा सावकाश बोलायचं आहे, कारण आपल्याकडे बहिणीने वडिलांच्या मिळकतीवरचा हक्क सोडून द्यायचा असतो असं गृहीत धरतात, आणि जी सोडत नाही तिला माहेर तुटतं. मी हक्क सोडला. भावाने सैन्यातल्या पगारातून घर चालवलं होतं, जमीन दीड एकर, त्यात माझा वाटा काढून काय करणार होते? आजही तीच सही केली असती. मात्र मी ती न वाचता केली. दस्तलेखकाने त्याच्या नेहमीच्या मजकुरात लिहिलं होतं, "वडिलोपार्जित सर्व स्थावर मिळकत". मी समजत होते की शेताबद्दल आहे. त्यात राहतं घरही होतं. आणि त्याच कागदावर आईचा अंगठा होता.

आईचा अंगठा कशासाठी होता, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. नवरा वारल्यावर बायको, मुलगे, मुली आणि तो गेला तेव्हा हयात असेल तर त्याची आई, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, समान वाट्याचे. म्हणजे माझ्या आईचा त्या घरात स्वतःचा वाटा होता, आणि तो तिने मुलाच्या नावे सोडून दिला, काय सोडते आहे ते न कळता. पुढे २००४ मध्ये आई मला म्हणाली, "माजघराला लागून जी खोली आहे ती तुला लिहून देते, म्हणजे माझ्यानंतरही तुला माहेरी उतरायला जागा राहील." मी कागद काढून वाचला तेव्हा कळलं, की लिहून द्यायला तिच्याकडे काही उरलंच नव्हतं. ज्या घरात ती लग्न होऊन आली, जिथे तिने आम्हाला वाढवलं, तिथे ती कागदोपत्री मुलाच्या आसऱ्याला होती. मी हे तिला सांगितलं नाही. भाऊ चांगला, त्याने ती खोली शेवटपर्यंत माझ्यासाठी ठेवली. पण तो चांगला होता म्हणून आमचं निभावलं. तो आधी गेला असता तर? कर्ज खात्यात मिळकतीचे कागद वाचता वाचता मी अशा कितीतरी आया पाहिल्या, ज्यांच्या नावावर ओट्याची फरशीसुद्धा नव्हती.

तेव्हा पोरी, हक्क सोडायचा की ठेवायचा हा तुझा आणि तुझ्या भावाचा प्रश्न, त्यात मी बोलणार नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच जन्माने सहहिस्सेदार आहे, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची अटही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. एवढं माहीत असू दे. सोडशील तर काय सोडते आहेस ते गट नंबर, घर नंबरासह वाचून सोड. आणि त्या कागदावर आईचं नाव दिसलं तर तिथेच थांब आणि विचार, आई कुठे राहणार? आईचा वाटा आईकडेच राहू दे.

आता काऊंटरच्या या बाजूने पाहिलेलं एक. एकोणतीस वर्षांचा मुलगा मोटरसायकल अपघातात गेला. बावीसाव्या वर्षी खातं उघडताना त्याने नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव दिलं होतं. लग्न झालं, मुलगी झाली, नाव तेच राहिलं. खात्यात आणि ठेवींत मिळून साडेसहा लाख होते. बँकेने नियमाप्रमाणे ते वडिलांना दिले, कारण नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते. पण नॉमिनी हा मालक नसतो, वारसांच्या वतीने पैसे घेणारा विश्वस्त असतो. आणि हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत आई आहे, बायको आहे, मुलं आहेत, वडील नाहीत. म्हणजे ज्यांच्या हातात पैसे आले त्यांचा त्यात वाटा नव्हता, आणि ज्यांचा होता त्यातली एक अडीच वर्षांची होती. वडिलांना वाटलं, मुलाने माझं नाव दिलं म्हणजे मलाच दिलं. सुनेच्या माहेरच्यांना वाटलं, सासरा लुबाडतोय. दोघंही वाईट नव्हते. तारखा सुरू झाल्या. ती लहान मुलगी आईच्या कडेवर बसून वारसाचे कागद द्यायला शाखेत यायची, आणि आजोबा दुसऱ्या खिडकीपाशी उभे असायचे. एकमेकांकडे बघायचे नाहीत.

दहा मिनिटांचं काम होतं. पहिल्या दहा वर्षांत माणूस लग्न करतो, नोकरी बदलतो, घर बदलतो, मोबाइल नंबर बदलतो, आणि नॉमिनी मात्र बावीसाव्या वर्षीचाच राहतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात, वाट्यांची टक्केवारी ठरवूनही. पीएफमध्ये लग्नाआधीचं नामनिर्देशन लग्नानंतर बाद ठरतं, ते नव्याने करावं लागतं. तुझ्या लग्नाच्या यादीत शालू, मुंडावळ्या लिहिशील तिथेच खाली हे लिहून ठेव.

पीएफचा विषय निघालाच आहे तर दोन वाक्यांत पुढे जाते. नोकरी बदलताना तो काढू नकोस, जुन्या खात्यातून नव्यात वळव. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर बहुधा कर लागतो, आणि पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. आज दोन लाख काढून फोन आणि सहलीत गेले तर ते दोन लाखच गेले असं वाटतं; आठ टक्क्यांनी तीस वर्षं राहिले असते तर साधारण वीस लाख झाले असते. क्रेडिट कार्डाबद्दलही एवढंच, की "किमान देय रक्कम" भरून समाधान मानू नको. उरलेल्या रकमेवर महिन्याला साधारण साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के व्याज बसतं. जुन्या सावकाराच्या दारात जायला आपल्याला लाज वाटते आणि कार्डाच्या दारात वाटत नाही.

आणखी एक सही मी माझ्या पहिल्या दहा वर्षांत केली नाही, आणि करायला हवी होती, असं एका मैत्रिणीमुळे कळलं. आमच्याच शाखेत होती. लवकर विधवा झाली, मूल नव्हतं. स्वतःच्या पगारातून वन-बीएचके घेतला, ठेवी केल्या, आईला आणून सांभाळलं. नवऱ्याकडच्यांशी वीस वर्षं येणंजाणं नव्हतं. ती आजाराने सहा महिन्यांत गेली. मृत्युपत्र नव्हतं. हिंदू वारसा कायद्याच्या १५ व्या कलमात बाईच्या स्वकमाईचा क्रम असा आहे: आधी मुलं आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि त्यांच्यानंतर आईवडील. त्या क्रमाने मैत्रिणीच्या फ्लॅटवर दिरांचा हक्क आला, आणि शेवटच्या दिवसांत तिचं अंथरूण बदलणारी तिची आई बाहेर राहिली. साध्या कागदावर चार ओळी असत्या, खाली तिची सही आणि ती सही करताना पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या असत्या, तर हे झालं नसतं. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही बंधनकारक नाही. मृत्युपत्र म्हाताऱ्यांनी करायचं असतं असं आपण समजतो. मी माझं त्या महिन्यात केलं, पंचेचाळिसाव्या वर्षी, आणि तोवर घर माझ्या नावावर होऊन तेरा वर्षं झाली होती. ती तेरा वर्षं मी नशिबावर काढली.

आता तुझ्या कर्जाकडे येते.

आधी हे समजून घे, की सहकर्जदार म्हणजे जामीनदारही नाही, त्याच्याही पुढे. तू स्वतः कर्जदार आहेस. उद्या भावाला नोकरी लागली नाही तर बँक तुला पहिल्या दिवसापासून फोन करील, आणि ते तिचं चूक नसेल. तू पाच-सहा वर्षांनी घरासाठी कर्ज मागशील तेव्हा हा हप्ता तुझ्या नावावर धरून तुझी पात्रता मोजतील. शिवाय शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जी करसवलत आहे ती स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि मुलांच्या शिक्षणासाठी आहे. भावासाठी भरलेल्या व्याजावर तुला ती मिळणार नाही. हे तुला आमच्यासारख्या टेबलामागच्या माणसाने आधी सांगायला हवं, पण फार थोडे सांगतात.

मग नऊ लाख लागतातच का, ते बघ. भावाचा प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, असेल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळू शकतो; महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा. तुमच्या प्रवर्गाची वेगळी योजना असेल तर तीही बघ. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश असेल तर हे मिळत नाही, आणि तसं असेल तर मी तुझ्या बाबांना सांगीन की जरा थांबा, दुसरं कॉलेज बघा. त्याचं कॉलेज पीएम विद्यालक्ष्मीच्या यादीत आहे का पाहा. केंद्राने २०२४ मध्ये आणलेल्या या योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. एरवी साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात. म्हणजे तुझ्या सहीपाठोपाठ बाबांचं घर किंवा जमीनही गहाण जाईल. नऊचे साडेसात करता आले तर घर त्यातून सुटतं. वसतिगृहाचा खर्च, लॅपटॉप हे कर्जातून काढून तुझ्या आणि बाबांच्या हातून होतं का ते मांडून बघा.

एक हिशेब तुझ्यासाठी करून ठेवला आहे. नऊ लाख, दहा टक्के व्याज, दरवर्षी सव्वादोन लाख उचलायचे, शिक्षण चार वर्षं आणि पुढे एक वर्ष सवलतीचं. या पाच वर्षांत सरळ व्याजच तीन लाख पंधरा हजारांच्या आसपास साचतं. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांचा हप्ता धरला तर महिन्याला सोळा हजारांच्या पुढे जातो. तेच व्याज शिकत असतानाच भरत गेलात, तर हप्ता बारा हजारांच्या आत राहतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला एकोणीसशेच्या आत आहे, चौथ्या वर्षी साडेसात हजार. ते तू भर. तुला झेपणारी मदत ती आहे.

आणि हो, सही कर. भावाच्या शिक्षणासाठी मी केली असती. पण एकटीची नको. बाबांचंही नाव सहकर्जदार म्हणून असू दे, आणि कागद वाचायच्या दिवशी भावाला बरोबर घेऊन जा. मंजुरीपत्र त्याला मोठ्याने वाचायला लाव, रकमेचा आकडा त्याच्या तोंडून येऊ दे. माझ्या मामेभावाने स्वतःच्या कर्जाचा कागद एकदाही वाचला नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी त्याच्याकडूनच कळलं. रिकाम्या जागेवर सही नको, कितीही ओळखीचा माणूस म्हणाला तरी. सगळ्या कागदांची प्रत त्याच दिवशी मागून घे, पहिल्या वेळी "नंतर देतो" म्हणतील, तरी बसून राहा.

बँकेत जायच्या आधी गावचा सातबाराही काढ, ऑनलाइन पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. बाबांचं नाव कसं लागलंय, आजोबांचं अजून आहे का, कुणाच्या नावापुढे अ.पा.क. किंवा ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) लिहिलंय का, ते बघ आणि मला कळव. बँक तो मागणारच आहे.